शुद्धलेखन आणि सत्यलेखन

मराठीत लिहिण्याच्या नियमांना आपण 'शुद्धलेखन' म्हणतो. इंग्रजीचा शिक्षक स्पेलिंग चुकले असे म्हणतो. मराठीचा शिक्षक 'अशुद्ध' लिहिले असे म्हणतो. चूक आणि अशुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चूक ज्याची त्याला दुरुस्त करता येते. अशुद्धी मात्र दुसऱ्याकडून शुद्ध करून घ्यावी लागते, आणि शुद्ध करण्याचा अधिकार या देशात कोणी आपल्याकडे ठेवला होता हे वेगळे सांगायला नको. ज्या समाजाची सावलीसुद्धा अशुद्ध ठरवली गेली, त्या समाजातील मुलाच्या वहीवर लाल शाईने 'अशुद्ध' असा शेरा येतो तेव्हा तो केवळ ऱ्हस्व-दीर्घाविषयीचा शेरा राहत नाही.

मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा 'पाणी'ला 'पानी' म्हणालो म्हणून गुरुजींनी वर्गासमोर उभे करून तो शब्द माझ्याकडून वीस वेळा म्हणवून घेतला. मुले हसली. दोन दिवसांत 'ण' माझ्या जिभेवर बसला. पण शाळेच्या माठाला हात लावण्याची मुभा मला त्यानंतरही मिळाली नाही. मधल्या सुट्टीत दुसऱ्या मुलाने वरून ओतलेले पाणी ओंजळीत घेऊनच प्यावे लागे. गुरुजींनी माझा शब्द दुरुस्त केला होता. जे खरोखर दुरुस्त करायला हवे होते तिकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

आज आपल्यातील कितीतरी मुले-मुली कारकून, शिक्षक, पत्रकार, वकील, पोलीस, ग्रामसेवक म्हणून काम करतात. लिहिणे हा त्यांच्या पोटाचा व्यवहार आहे. अर्ज, अहवाल, दाखला, पंचनामा, बातमी यांतल्या मराठीवर माणसाचे भवितव्य ठरते. म्हणून व्यवहारातल्या लेखनाची अचूकता कशाने मोजायची हा प्रश्न केवळ भाषापंडितांचा राहिलेला नाही. या प्रश्नाचा विचार तीन पायऱ्यांनी करावा लागेल: अक्षर, नाव आणि कर्ता.

१. अक्षर

प्रमाण मराठी आकाशातून पडलेली नाही. इंग्रजी राजवटीत शाळा, छापखाने आणि कचेऱ्या सुरू झाल्या तेव्हा एका ठरावीक मराठीची गरज निर्माण झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ साली आली. शब्द गोळा करण्याच्या आणि पारखण्याच्या कामी ब्राह्मण पंडित होते. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. शालेय पुस्तकांची मराठी तपासण्याचे काम पुढे बरीच वर्षे मेजर कँडी यांच्या हाती राहिले. ज्यांच्या हाती आधीपासून लेखणी होती त्यांचीच बोली या व्यवहारात 'भाषा' झाली, आणि बाकीच्यांची भाषा 'बोली' झाली. कोकणातल्या चित्पावनी बोलीत नाकातले उच्चार आहेत. त्यांना कोणी अशुद्ध म्हटले नाही, ते त्या बोलीचे वैशिष्ट्य ठरले. वऱ्हाडातल्या किंवा मराठवाड्यातल्या माणसाचा 'न' मात्र अडाणीपणाची खूण ठरला.

जोतीराव फुल्यांनी हा डाव ओळखला होता. शेतकऱ्याच्या, शूद्रातिशूद्राच्या तोंडची मराठी त्यांनी सरळ ग्रंथात आणली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून त्यांच्या भाषेच्या आणि व्याकरणाच्या चुका काढून त्यांची टर उडवली. फुल्यांच्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या अनुस्वारांना उत्तर देणे सोपे होते. वादात हरणारा पक्ष व्याकरणाच्या आडोशाला जातो, हे तेव्हापासून दिसत आले आहे.

आणि हे व्याकरण तरी किती स्थिर आहे? मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्याआधी 'नांव', 'कांहीं', 'पांच', 'तें घर बांधलें' असे लिहिणे शुद्ध होते. ज्याला हे अनुस्वार येत नसत तो अशुद्ध लिही. १९६२ नंतर 'नाव', 'काही', 'पाच', 'ते घर बांधले' हे शुद्ध झाले. 'कवि' आणि 'बुद्धि' ऱ्हस्व होते, ते 'कवी' आणि 'बुद्धी' झाले. २००९ साली शासनाने वर्णमालेविषयी आदेश काढला आणि इंग्रजी शब्दांसाठी लागणारे 'अ‍ॅ' आणि 'ऑ' हे स्वर वर्णमालेत रीतसर आले. म्हणजे काल ज्या मुलाला अनुस्वार गाळल्याबद्दल छडी बसली, तो आजच्या नियमाने बरोबर लिहीत होता. जे एका शासननिर्णयाने बदलते ते पवित्र असू शकत नाही. तो एक करार आहे, आणि करार म्हणूनच त्याचा मान ठेवावा.

या करारातही एक असमानता शिल्लक आहे. मराठी अकारान्त शब्दातील शेवटून दुसरे इकार-उकार दीर्घ लिहायचे: फूल, तूप, गरीब, वकील. पण शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलेला असेल तर तो मुळाप्रमाणे लिहायचा: गुण, विष, मंदिर. आता कोणता शब्द संस्कृतातला आणि कोणता मराठी हे पोराने कसे ओळखावे? ज्याच्या घरात पिढ्यान्पिढ्या संस्कृत आहे त्याला ते कानाने कळते. ज्याच्या पूर्वजांना संस्कृत ऐकण्याचीही बंदी होती त्याला ते पाठ करावे लागते. दोघांचे गुण मात्र एकाच पट्टीने कापले जातात.

दुसरा एक नियम पाहा. कथेतल्या पात्राच्या तोंडी 'असं केलं' चालते. लेखकाने स्वतः बोलताना 'असे केले' असे लिहावे. म्हणजे बोलणारा तो पात्र, आणि लिहिणारा तो प्रमाणभाषेचा माणूस अशी वाटणी झाली. आपल्या लेखकांनी ही वाटणी मोडली. बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ, दया पवार, लक्ष्मण माने यांच्या पुस्तकांनी १९६३ ते १९८० या काळात जी भाषा छापली, ती पूर्वी फार तर विनोदासाठी पात्रांच्या तोंडी घातली जात असे. आता तिच्यात निवेदक बोलू लागला. अशुद्ध म्हटलेली भाषा हिशेब मागू लागली.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. यावरून 'आम्हांला नियम नकोत' असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. बाबासाहेबांनी 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतून जी मराठी लिहिली ती काटेकोर, रोखठोक आणि शास्त्र्यांना त्यांच्याच पोथीने निरुत्तर करणारी होती. फुल्यांनी लोकांची बोली ग्रंथात नेली. बाबासाहेबांनी प्रमाणभाषा बहिष्कृतांच्या बाजूने उभी केली. दोन्ही वाटा आपल्या आहेत. कविता कोणत्या भाषेत लिहावी हे कवीने ठरवावे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज, माहिती अधिकारातला अर्ज, न्यायालयातले प्रतिज्ञापत्र नियमाने लिहावे. चुकीच्या वेलांटीमुळे आपला हक्क खोटा होत नाही, पण तो अर्ज परत करायला टेबलामागच्या माणसाला निमित्त मिळते. ते निमित्त आपण का द्यावे? विहिरीवर हक्क मिळवणाऱ्यांनी दोर आणि पोहरा वापरायला लाजू नये.

२. नाव

वेलांटी दुरुस्त करणारा कागदावरचे नाव सहसा दुरुस्त करत नाही. 'डिप्रेस्ड क्लासेस' या इंग्रजी शब्दांचेच उदाहरण घेऊ. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत जे मिशन काढले त्याचे मराठी नाव 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी' असे होते. शिंद्यांच्या कामाची तळमळ कोणी नाकारणार नाही. पण शब्द काय म्हणतो? निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही. आसरा का नाही, कोणी काढून घेतला, हे शब्द सांगत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली संस्था काढली तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. बहिष्कृत म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो: बहिष्कार घातला कोणी? पहिल्या शब्दाने दया येते. दुसऱ्या शब्दाने जाब विचारला जातो.

'दलित' हा शब्दही याच घडणीचा आहे. दलित म्हणजे दळला गेलेला, तुडवला गेलेला. तुडवणारा पाय त्या शब्दात हजर आहे. मुंबईत १९५८ साली दलित साहित्याचे पहिले संमेलन अण्णा भाऊ साठे यांच्या उद्घाटनाने भरले. १९७२ साली पँथर उभी राहिली आणि १९७३ च्या जाहीरनाम्यात तिने दलित या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया यांना एकत्र घेतले. जातीचे नाव भूमिकेचे नाव झाले.

'हरिजन' या शब्दाची गोष्ट उलटी आहे. गांधीजींनी १९३३ साली त्याच नावाचे साप्ताहिक काढले आणि शब्द देशभर झाला. त्याच्या आधीच, १९३१ च्या नोव्हेंबरात, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी गोलमेज परिषदेपुढे पुरवणी निवेदन ठेवले होते. 'डिप्रेस्ड क्लासेस' हे नाव आमच्या लोकांना मान्य नाही, ते बदलावे, असे त्यात म्हटले होते आणि पर्यायी नावेही सुचवली होती. म्हणजे आपल्याला काय म्हणावे हे सांगायला आपली माणसे हजर होती. तरी नाव दुसऱ्यांनीच ठेवले. १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या विधेयकात हा शब्द घालण्याचा प्रश्न आला. भाऊराव गायकवाडांनी हरकत घेतली. बहुमताने ती फेटाळली, तेव्हा बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून बाहेर पडले. एका शब्दासाठी केलेला तो सभात्याग होता. जातीच्या दाखल्यावर हा शब्द लिहू नये असे केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवले ते १९८२ साली. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द अपमानासाठी आणि शिवीसारखा वापरला जातो असे स्पष्ट नोंदवले. १९३८ साली जे बाबासाहेबांना ऐकू येत होते ते राज्यव्यवस्थेच्या कानी पडायला इतकी वर्षे लागली.

कायद्यांची नावेही वाचण्यासारखी आहेत. महारकी आणि तत्सम वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. त्याचे नाव 'मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम'. वतन गेले, 'कनिष्ठ' हा शब्द कायद्याच्या कपाळावर राहिला. याउलट १९५५ सालच्या 'अस्पृश्यता (अपराध) अधिनियमा'चे नाव १९७६ साली 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' असे झाले. पहिल्या नावात अस्पृश्यता पुढे होती. दुसऱ्या नावात नागरिक आणि त्याचा हक्क पुढे आला. असा बदल स्वागतार्ह आहे. धम्मदीक्षा १९५६ साली झाली. तिला सत्तर वर्षे होत आली, घरात चौथी पिढी आली, तरी शासकीय योजनांच्या नावांत 'नवबौद्ध' हा शब्द आहे. माणूस किती पिढ्या 'नव' राहतो, हा प्रश्न कोणी मसुदा लिहिणाऱ्याला विचारायला हवा.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या. केंद्र सरकारने २०१८ साली शासकीय व्यवहारात 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' असे लिहावे असे कळवले, आणि त्याच वर्षी खाजगी दूरचित्रवाणी वाहिन्यांनाही तसा सल्ला दिला. २०२० च्या डिसेंबरात महाराष्ट्र शासनाने वस्त्या आणि रस्ते यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले. या दोन निर्णयांकडे एकाच नजरेने पाहता येणार नाही.

'अनुसूचित जाती' हा कायद्याचा शब्द आहे. १९३५ च्या कायद्याने तो आला आणि १९३६ साली त्याची यादी झाली. दाखल्यावर, आरक्षणाच्या कागदावर तोच शब्द हवा, कारण हक्क त्या शब्दाला बांधलेला आहे. तेथे भावना कामाची नाही. पण अनुसूचित म्हणजे यादीत लिहिलेला, एवढेच. बातमीत, लेखात, भाषणात तेवढाच शब्द वापरा असे म्हटले की तुडवणाऱ्याची आठवण भाषेतून पुसली जाते. दाखल्याचा शब्द दाखल्यावर आणि चळवळीचा शब्द चळवळीत असे दोन्ही चालले पाहिजेत.

वस्तीच्या नावाचे तसे नाही. जातीचे नाव पत्त्यात लिहावे लागणे हा रोजचा अपमान होता. तो गेला हे चांगले झाले. मात्र पाटी बदलली म्हणून वस्ती गावाच्या ज्या कडेला होती तेथून हलली नाही. समतानगराला नळ कोठपर्यंत येतो, स्मशानाची वाट कोणाच्या शेतातून जाते, हे अहवालात लिहिले गेले नाही तर नवे नाव जुन्या अन्यायावर टाकलेली चादर ठरेल. नामांतराच्या लढ्याने आपल्याला हेच शिकवले. विधिमंडळाचा ठराव १९७८ साली झाला. मराठवाड्यात घरे जळाली, माणसे मारली गेली. आणि विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले ते १९९४ साली, नामविस्तार म्हणून. नाव ही वरवरची गोष्ट असती तर तिला एवढा विरोध झाला नसता.

३. कर्ता

तिसरी पायरी सर्वांत अवघड आहे, कारण तेथे व्याकरणाची एकही चूक नसते.

कचेरीची मराठी पाहा: 'कार्यवाही करण्यात आली', 'निदर्शनास आले', 'विलंब झाला', 'जागा हस्तांतरित झाली'. कोणी केले, कोणाच्या निदर्शनास आले, कोणामुळे विलंब झाला? वाक्य शुद्ध आहे, पण त्यात माणूस नाही. ही रचना नेहमीच लबाडीची असते असे नाही. पद महत्त्वाचे आणि व्यक्ती गौण असेल तेथे ती योग्यही असते. पण अत्याचाराच्या कागदात ती येते तेव्हा गुन्हेगार वाक्यातून निघून जातो.

'दोन गटांत हाणामारी' हा मथळा आपण किती वेळा वाचला आहे! वस्तीवर चालून गेलेला जमाव आणि घरात सापडलेली माणसे या मथळ्यात समसमान होतात. 'पाण्याच्या वादातून मारहाण' या मथळ्यात वाद पाण्याचा होतो; पाणी भरू न देणारा दिसत नाही. 'महिलेवर अत्याचार झाला' असे लिहिले की अत्याचार पाऊस पडावा तसा झाला असे वाटते.

एका अक्षराने काय घडते ते पाहा. 'सफाई कामगार गटारात उतरला आणि गुदमरून मेला.' 'सफाई कामगाराला गटारात उतरवले आणि तो गुदमरून मेला.' 'उतरला' आणि 'उतरवले' यांत एका 'व'चा फरक आहे. पहिल्या वाक्यात अपघात आहे. दुसऱ्या वाक्यात गुन्हा आहे. हाताने मैला उचलायला लावणे आणि संरक्षणसाधनांवाचून गटारात उतरवणे यांना २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख रुपये ठरवली होती; २०२३ साली ती तीस लाख केली. पण बातमीदाराने आणि हवालदाराने 'उतरला' असे लिहिले की कंत्राटदार सुटण्याची तयारी तेथूनच सुरू होते. मराठी भाषेने आपल्याला प्रयोजक क्रियापद दिले आहे. ते वापरायला शिकवणे हेही व्याकरणाच्या शिक्षकाचे काम आहे.

कार्यकर्त्यांसाठी याचा थेट उपयोग आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा; त्यात २०१५ साली मोठ्या सुधारणा झाल्या. जातीच्या नावाने शिवी देणे या गुन्ह्यात ती शिवी लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी दिली गेली हे महत्त्वाचे असते. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला आहे. असे असता फिर्यादीत 'जातिवाचक शिवीगाळ केली' एवढेच मोघम लिहिले जाते, आणि न्यायालयात ते टिकत नाही. कोण बोलला, नेमके काय शब्द बोलला, कोणत्या जागी बोलला, तेथे कोण कोण उभे होते, हे लिहिले पाहिजे. शिवीचे शब्द कागदावर लिहायला फिर्यादीला लाज वाटते आणि लिहून घेणाऱ्याला ते 'असभ्य' वाटतात. पण येथे सभ्य भाषा आरोपीच्या उपयोगाची आहे. जी शिवी भर चौकात दिली गेली ती कागदावरही तशीच आली पाहिजे. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवूनच तिची सही घ्यावी, हे सुधारित कलम ४ प्रमाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ते वाचन नीट ऐकावे. 'मला ढकलले' असे सांगितले असताना 'मी पडलो' असे लिहिले असेल तर तेथेच थांबवावे. सही त्यानंतर करावी.

लिहिलेला नियम माणसाला किती काळ बांधून ठेवतो याचा पुरावा अगदी ताजा आहे. तुरुंगातली कामे जातीप्रमाणे वाटणारे नियम राज्यांच्या कारागृह नियमपुस्तकांत होते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी ते घटनाबाह्य ठरवले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. इतकी वर्षे ती पुस्तके छापली गेली, त्यांची मुद्रिते तपासली गेली, त्यांतल्या अक्षरांच्या चुका कोणीतरी काढल्या असतील. मजकूर वाचून कोणाचा हात थांबला नाही.

तेव्हा आपल्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी लेखनाचे नियम जरूर शिकावेत आणि शिकवावेत; पण 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्द मुलांच्या वह्यांवरून काढून टाकावेत. 'चूक' हा शब्द पुरेसा आहे, 'लेखननियम' हा शब्द पुरेसा आहे. भाषेला सोवळे-ओवळे नसते. आणि वेलांटी तपासून झाली की त्याच वाक्याला आणखी दोन प्रश्न विचारावेत: यातल्या माणसाला जे नाव दिले आहे ते कोणी दिले? आणि यात जे घडले ते कोणी केले? या दोन प्रश्नांची उत्तरे देणारे वाक्य एखाद्या ऱ्हस्व-दीर्घाने चुकले तरी ते दुरुस्त करता येते. कर्ता गाळलेला पंचनामा मात्र एकदा सही होऊन फाईलमध्ये गेला की तो दुरुस्त करायला पुढची वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.